पाहुण्यांची खुर्ची

बायको गेली हे खुर्चीवाल्याला पहाटे कळलं आणि बाकी सगळ्यांना सकाळच्या बातम्यांत.

मुलीबरोबर तो रुग्णालयातून घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात सगळं जसंच्या तसं होतं. टेबलावर बायकोचा चष्मा पडलेला, तिच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर. मुलीनं चहा टाकला. त्याचा हात सवयीनं रेडिओच्या बटणाकडे गेला. इतकी वर्षं ह्या वेळेला तो रेडिओ लावत आला होता, कारण ह्या वेळेला बायको रेडिओवर असायची. आज ती नसणार हे त्याला ठाऊक होतं, पण हाताला कोण समजावणार?

पहिलीच बातमी तिची होती. ज्येष्ठ राजकीय पत्रकार आणि सकाळच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या निवेदिका यांचं आज पहाटे निधन झालं. एका छोट्या वर्तमानपत्रात 'हरवले-सापडले'च्या जाहिराती लिहून घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे बरीच सरकारं आली नि गेली, त्या राहिल्या. मग निवेदकानं त्याच गंभीर आवाजात शेवट वाचला: "त्यांच्यामागे एक मुलगी आणि पती असा परिवार आहे. पती खुर्च्या दुरुस्त करतात. ते कुणाला मत देतात, हे पत्नीला अखेरपर्यंत शोधून काढता आलं नाही."

निवेदक थांबला. आपण काय वाचलं ते त्याला वाचून झाल्यावर कळलं असावं. मग घशात काही अडकल्यासारखा आवाज आला आणि तो घाईघाईनं हवामानाकडे वळला.

मुलगी हातात कप घेऊन तशीच उभी राहिली. "बाबा, हे काय होतं?"

"तुझी आई होती," खुर्चीवाला म्हणाला आणि हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, पण हसू काही थांबेना. मुलगीही हसली. त्या घरातला तो दिवस असा सुरू झाला.

त्याचं असं आहे, की मोठ्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. ऐनवेळी तारीख घातली की झालं. खुर्चीवाल्याच्या बायकोनं अशा कितीतरी जणांच्या बातम्या लिहून ठेवल्या होत्या. नाश्ता करता करता ती फोनवर विचारायची, "अमक्यांचं तयार आहे ना? मागच्या महिन्यात त्यांनी पक्ष बदलला, तेवढं घाला त्यात." अमके तेव्हा ठणठणीत असायचे. एकदा सकाळी एका पुढाऱ्याची बातमी तिनं सुबक करून ठेवली आणि दुपारी तोच समोर भेटला. ती त्याच्याशी इतकी गोड बोलली, की हिचं आपल्याकडे काहीतरी काम आहे असं वाटून तो आठवडाभर तिला टाळत होता.

स्वतःची बातमीही तिनं स्वतःच लिहून ठेवली होती. दुसऱ्यांच्या विशेषणांवर तिचा भरवसा नव्हता. केंद्रावर दंडकच होता, की बाईंनी लिहिलेल्या मजकुराचा काना-मात्रा बदलायचा नाही. म्हणून तो जसाच्या तसा वाचला गेला.

दोघांची ओळख झाली ती ह्याच केंद्रावर, खुर्च्यांच्या कुरकुरीमुळे. तेव्हा ती तिथे नवीन होती. श्रोत्यांच्या तक्रारी येत होत्या, की मुलाखती चालू असताना कुणीतरी उंदराला छळतं आहे. शेवटी केंद्रानं त्याला बोलावलं. स्टुडिओत दोनच खुर्च्या होत्या, एक मुलाखत घेणाऱ्याची आणि एक पाहुण्यांची. त्यानं दोन्ही उलट्या केल्या आणि स्क्रू काढायला बसला. ती टेबलाच्या कडेवर बसून बघत होती. गप्प बसणं तिला जमणारं नव्हतं.

"खुर्ची कुरकुरते का हो?"

"बसणारा हलतो म्हणून."

"आणि नाही हलला तर?"

"तर खुर्चीला काय पडलंय कुरकुरायला?"

ती विचारात पडली. "माणूस कधी हलतो?"

"अवघडला की."

"मग असं करा," ती म्हणाली, "माझी दुरुस्त करा. पाहुण्यांची राहू द्या."

तशी ती राहिली. मंत्री असो की विरोधी नेता, अवघड प्रश्न आला की पाहुणा बूड हलवायचा आणि खुर्ची कुरकुरायची. श्रोत्यांच्या तक्रारी थांबल्या. कारण त्यांनाही समजलं होतं. लोक चहाच्या टपऱ्यांवर मुलाखत ऐकताना म्हणायचे, "वाजली बघ खुर्ची. थाप मारतोय."

तिची खुर्ची ठीक आहे ना हे बघायला तो पुढच्या आठवड्यात गेला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात गेला. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून आवाज सांभाळणारा जो माणूस होता, त्याला सगळे काचेमागचे काका म्हणत. तेव्हाही काकाच म्हणत, वय नव्हतं तरी. त्यांनी एकदा खुर्चीवाल्याला बाजूला घेतलं. "अरे बाबा, खुर्चीची तब्येत उत्तम आहे. आता तुझं काय ते तिला विचारून टाक."

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली, पण एक अट घातली.

"तुम्ही कुणाला मत देता, ते मला कधी सांगायचं नाही."

"का?"

"उद्या कुणी म्हणालं, की हिचा नवरा ह्यांच्यातला आहे म्हणून ही त्यांना छळते, तर मला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे, की मला माहीतच नाही. आणि खोटं मला बोलायचं नाही."

हे तिच्या वडिलांकडून आलेलं होतं. ते कारखान्यात नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. दोन्ही संघ शिव्या घालत घरी गेले की ते खुशीत असायचे. म्हणायचे, "आज काम चोख झालं." तिची आई टेलिफोन ऑफिसात तारा जोडायची आणि लोकांची बोलणी मुकाट ऐकायची. तिच्याकडून ती गप्प राहायला शिकली. म्हणजे कामापुरती. समोरचा प्रश्न टाळून थांबला, की आपणही थांबायचं. काही बोलायचं नाही. माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलायला लागतो आणि मग खरं बोलतो. बाकीचे निवेदक रेडिओवर क्षणभर शांतता झाली की घाबरे होत. हिचं ते हत्यार होतं.

खुर्चीवाल्यानं अट मान्य केली. त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. तसाही तो दिवसभर तोंडात खिळे धरून काम करायचा, त्यामुळे कमी बोलायची सवयच होती.

अवघड झालं ते तिलाच. अट तिची, पण समोर प्रश्न पडलेला असताना उत्तर न शोधता बसणं हे तिच्या पिंडात नव्हतं. पहिल्याच निवडणुकीनंतर तिची चुळबुळ सुरू झाली. निकालाच्या दिवशी ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "आपला माणूस थोडक्यात हरला, नाही?" आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तुझा होता का तो?" त्यानं विचारलं. "अरेरे. वाईट झालं."

"माझा नाही हो!"

"मग आपला कसा?"

पुढच्या वेळी तिनं मुलीला कामाला लावलं. मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. दुकानात येऊन कापसाच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आज कुणाच्या नावापुढे खूण केली?"

"आईनं काय कबूल केलं तुला?"

"एक चॉकलेट."

"मी दोन देतो. घरी जाऊन सांग, बाबा म्हणाले, खूण केली ती पेनानं."

अशी बरीच वर्षं गेली. दर निवडणुकीला तिचा नवा डाव असायचा आणि दर वेळी तो सुटायचा. ती चिडायची आणि खूशही व्हायची. शेजारणीला सांगायची, "अख्ख्या मंत्रिमंडळाला बोलतं केलं मी. पण घरात हा एक बसलाय, खिळे चावत."

तो सुटायला शिकला तो तिच्याकडूनच. रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मुलाखतीची तालीम व्हायची. ती निवेदिकाच असायची आणि त्याला मंत्री व्हावं लागायचं. ज्या दिवशी जो पाहुणा असेल तो.

"आज तुम्ही अर्थमंत्री."

"कालच तर शेतीमंत्री होतो. बढती झाली की काय?"

"अंडं खाली ठेवा. मंत्रिमहोदय, करवाढ होणार की नाही?"

"योग्य वेळी योग्य निर्णय घेतला जाईल."

"योग्य वेळ कोणती?"

"निर्णय घेतला की ती वेळ योग्य."

ती कपाळाला हात लावायची आणि पेन्सिलीनं प्रश्न बदलायची. तो जिथून निसटला ती फट बुजवायची. म्हणजे खरा मंत्री स्टुडिओत यायचा तेव्हा त्याच्या पळवाटा खुर्चीवाल्यानं आधीच वापरून दाखवलेल्या असायच्या. एकदा एका खऱ्या मंत्र्यानं जवळजवळ शब्दशः तेच उत्तर दिलं, जे ह्यानं सकाळी टोस्ट चावत दिलं होतं. बाईंचा आवाज क्षणभर हलला. ती गंभीर झाली असं ऐकणाऱ्यांना वाटलं. दुकानात खुर्चीवाल्याला कळलं, की ती हसू गिळते आहे. त्याच्या तोंडातले खिळे भुईवर सांडले.

त्या सगळ्यात पूलमंत्र्यांची मुलाखत सगळ्यांच्या आठवणीत राहिली. नदीवरच्या पुलाचं भूमिपूजन त्यांनी दोनदा केलं होतं आणि पुलाचा पत्ता नव्हता. तिनं विचारलं, "पूल केव्हा होणार? वर्ष सांगा." मंत्री म्हणाले, काम वेगानं चालू आहे. ती गप्प बसली. पण मंत्र्यांना त्यांच्या माणसांनी पढवून पाठवलं होतं, की बाई गप्प बसली की तुम्हीही गप्प बसा. ते बसले. दोघंही एकमेकांकडे बघत बसले. खुर्ची मात्र कुरकुरत होती.

आता केंद्रावर एक यंत्र असतं. बराच वेळ काही आवाज गेला नाही की त्याला वाटतं, केंद्र बंद पडलं. मग ते आपणहून पियानोची एक गुळगुळीत धून लावतं. तशी ती लागली. मंत्र्यांना धून ऐकू आली, त्यांना वाटलं सुटलो, कार्यक्रम तुटला. ते हुश्श करून मागे रेलले आणि म्हणाले, "अहो बाई, पूल कसला घेऊन बसलात! नकाशा हरवलाय."

तोवर काचेमागच्या काकांनी धून बंद केली होती. माईकजवळचा लाल दिवा जळतच होता. 'नकाशा हरवलाय' हे साऱ्या देशानं ऐकलं. मंत्र्यांची खुर्ची गेली. पुढे वर्षानुवर्षं घराघरांत, अभ्यास का नाही केला असं पोराला विचारलं की उत्तर यायचं, नकाशा हरवलाय.

शेवटी एका निवडणुकीनंतर बाईंनी हात टेकले. "ठीक आहे. माझा शेवटचा कार्यक्रम होईल त्या दिवशी तरी सांगाल? मग तर काही अडचण नाही ना?"

"सांगीन. घरी आलीस की. ह्याच टेबलावर."

"सगळ्यात आधी मला."

"तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगून मला काय करायचंय?"

शेवटचा कार्यक्रम येणाऱ्या निवडणुकीनंतर करायचा, असं तिनं केंद्राला कळवूनही टाकलं होतं. तेवढ्यात दुखणं आलं आणि फार वेळ न देता घेऊन गेलं. आदल्या संध्याकाळी रुग्णालयात ती बऱ्यापैकी हुशारीत होती. म्हणाली, "अहो, सांगून टाका की आता. कोण ऐकतंय इथे?"

"शेवटचा कार्यक्रम कुठे झालाय? आधी घरी चल."

ती हसली. सलाईन बघायला आलेल्या सिस्टरला म्हणाली, "बघा सिस्टर. ह्याला म्हणतात मुरलेला मंत्री." सिस्टरला काही कळलं नाही, पण तीही हसली.

आणि आता तिनं तोच प्रश्न बातम्यांतून सगळ्या जगाला सांगून ठेवला होता.

लोक भेटायला यायचे. आधी तिच्याविषयी चांगलं बोलायचे, मग थोडं थांबून, चहाचा घोट घेऊन, आवाज खाली आणायचे. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. आमच्यातलेच ना तुम्ही?" सत्ताधारी पक्षाचा गल्लीतला कार्यकर्ता हार घेऊन आला आणि खुर्चीवाल्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आपलं माणूस आहात, काही लागलं तर हक्कानं सांगा." त्याच वेळी विरोधी पक्षाचा कार्यकर्ता दारात येऊन ठेपला. त्यानं तेच वाक्य दुसऱ्या हाताला सांगितलं. खुर्चीवाला दोघांच्या मध्ये दोन्ही हात अडकून बसला होता. मुलीला स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर फडकं धरावं लागलं.

दुकान उघडल्यावर तर रीघ लागली. चांगल्याभल्या खुर्च्या लोक दुरुस्तीला आणायचे. एक बाई तीन पायांचं स्टूल घेऊन आली. म्हणाली, "ह्याचा चौथा पाय हरवलाय." तिला सांगावं लागलं, की त्याला चौथा नव्हताच.

मग केंद्रावरून फोन आला. बाईंच्या हाताखाली तयार झालेली एक तरुण निवेदिका आता त्यांच्या जागी बसत होती. केंद्रावर तिला धाकट्या बाई म्हणत. ती म्हणाली, "काका, बाईंच्या आठवणींचा कार्यक्रम आहे. सकाळी, त्यांच्याच वेळेला. थेट. तुम्ही याल?"

"मी काय बोलणार? मला माईकपुढे बोलता येत नाही."

"जे घरी बोलत होता तेच."

"तू ते विचारणार का?"

फोनवर शांतता झाली. खुर्चीवाल्यानं ती ओळखली. तोही थांबला. शेवटी धाकट्या बाईच बोलल्या. "विचारणार, काका. नाही विचारलं तर बाई मला सोडणार नाहीत."

त्या रात्री त्याला नीट झोप आली नाही. प्रश्न बायकोनं विचारला होता, इतक्या लोकांसमोर, आणि तेही जाता जाता. उत्तर द्यायला नाही म्हणावं तर तिचा शेवटचा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवल्यासारखं होणार. आणि द्यावं तर जे सगळ्यात आधी तिला सांगायचं ठरलं होतं, ते तिला सोडून बाकी सगळ्यांना कळणार. सकाळी त्यानं मुलीला विचारलं, "तुझ्या आईला खरंच उत्तर हवं होतं, की मला चिडवत होती?"

मुलगी त्याच्या कोटाच्या बाहीवरचा कापूस वेचत होती. "दोन्ही," ती म्हणाली. "नेहमी दोन्हीच असायचं, बाबा."

स्टुडिओ होता तसाच होता. टेबल, दोन माईक, काच, काचेमागे काका, आता पांढऱ्या केसांचे. पाहुण्यांसाठी त्या दिवशी एक जास्तीचं स्टूल टाकलं होतं, कारण पाहुणे दोन होते. दुसरे होते पूलमंत्री. आता म्हातारे झाले होते, काठी घेऊन आले होते. त्यांनी पाहुण्यांची खुर्ची पाहिली आणि लगेच स्टुलाकडे वळले.

"तिच्यावर तुम्ही बसा," ते खुर्चीवाल्याला म्हणाले. "माझं तिच्याशी जुनं वैर आहे."

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवाला त्या खुर्चीवर बसला. कुठला स्क्रू ढिला आहे आणि कुठली स्प्रिंग कोरडी आहे, हे त्याला उलट्या बाजूनं पाठ होतं. आता त्याला सुलट्या बाजूनं कळलं, की हिच्यावर श्वास घ्यायचा तरी जपून घ्यावा लागतो.

लाल दिवा लागला. धाकट्या बाईंनी सुरुवात जरा जड केली. निर्भीड, करारी, पत्रकारितेतला मानदंड, असं बरंच काही. खुर्चीवाल्याला वाटलं, ही कुणाबद्दल बोलते आहे? त्याची खुर्ची कुरकुरली.

"काका, काही म्हणायचंय?"

"ती घरी गाणी म्हणायची," तो म्हणाला. "फार वाईट म्हणायची. आणि चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधायची. निर्भीड म्हणतेस, पण पालीला घाबरायची. मुख्यमंत्र्यांशी फोनवर बोलताना एकदा पाल दिसली आणि किंचाळली. मुख्यमंत्र्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी ताबडतोब चौकशी समिती नेमली."

पूलमंत्री खो-खो हसले. "ती समिती त्यामुळे होती होय! मी होतो हो त्या समितीवर!"

मग कार्यक्रमाला रंग चढला. खुर्चीवाल्यानं नाश्त्याच्या टेबलावरचे सगळे मंत्री करून दाखवले. माईकची भीती कुठे गेली त्याला कळलं नाही. बायकोविषयी बोलायचं, त्यात भ्यायचं काय? पूलमंत्र्यांनी नकाशाची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. मुलाखतीनंतर बाईंनी त्यांना बाहेरपर्यंत पोचवलं होतं आणि दारात म्हणाल्या होत्या, "आज तुम्ही कितीतरी दिवसांनी खरं बोललात. बरं वाटत असेल, नाही?" आणि खरंच बरं वाटलं होतं, पूलमंत्री म्हणाले. खुर्ची गेली, पण त्या दिवशी झोप चांगली लागली.

घड्याळाचा काटा वर येत चालला तशा धाकट्या बाई जरा पुढे झुकल्या. बायकोही अशीच झुकत असणार, खुर्चीवाल्याला वाटलं.

"काका, शेवटचा प्रश्न. हा माझा नाही, बाईंचा आहे. तुम्ही कुणाला मत देता?"

"मतदान गुप्त असतं."

"ते कायद्यानं. बायकोपासूनही?"

"बायकोपासून तर जास्तच. तिचीच अट होती."

"अट बाईंच्या नोकरीपुरती होती. आता सांगायला काय हरकत आहे?"

ही फट त्यानं बुजवलेली नव्हती. पोरगी चांगली तयार झाली होती. तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. ती हातावर हनुवटी टेकून, हसऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली. पूलमंत्र्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सामना बघायला बसल्यासारखे बसले. काचेमागे काका उठून उभे राहिले.

खुर्चीवाला हलला नाही. पाय गार पडायला लागले, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, तरी हलला नाही. खुर्ची गप्प होती. आणि त्या शांततेत बायको त्याला अगदी जवळ वाटली. तिनंच ही शांतता शिकवली होती, त्या पोरीला तिकडून आणि त्याला इकडून.

पियानोची धून सुरू झाली.

धाकट्या बाई हुश्श करून मागे रेलल्या. "हरले बाई मी! सुटलात काका, तुटला कार्यक्रम." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता तरी सांगा. आपल्यातच."

खुर्चीवाल्यानं मान वर केली. धून थांबली होती. माईकजवळचा लाल दिवा जळत होता. काचेमागे काका छताकडे बघत उभे होते, जसं काही त्यांनी आयुष्यात कुठलंही बटण दाबलेलं नाही.

तो माईकजवळ झुकला. "सांगितलं असतं गं," तो म्हणाला, "पण नकाशा हरवलाय."

पूलमंत्री स्टुलावरून पडता पडता वाचले. धाकट्या बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या, काचेमागचे काका हसताना दिसत होते पण ऐकू येत नव्हते, आणि कार्यक्रम संपल्याचं सांगायचं राहूनच गेलं. दुकानात, टपऱ्यांवर, गाड्यांत माणसं हसली, असं मुलीनं त्याला नंतर सांगितलं. औषधांच्या दुकानातल्या माणसानं तर म्हणे गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्याच गोळ्या दिल्या आणि धावत जाऊन परत आणल्या.

बाहेर पडताना पूलमंत्र्यांनी त्याला दारात थांबवलं. "अहो, इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. तुम्ही एवढे कारागीर. ती खुर्ची दुरुस्त का नाही करत?"

त्यानं कारण सांगितलं. पूलमंत्री म्हणाले, "म्हणजे माझ्याविरुद्ध तुम्ही दोघं होता."

"तिघं. काका पण."

धाकट्या बाई त्याला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. "खरंच नाही सांगणार, काका? मलाही नाही?"

"तिला सांगायचं ठरलं होतं, पोरी. तिच्याआधी तुला कसं सांगू?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. ही गप्प राहण्याची दुसरी तऱ्हा होती. मग म्हणाली, "बाईंनी ती ओळ लिहिली तेव्हा मी शेजारी होते. मी म्हटलं, बाई, हे कशाला? तर म्हणाल्या, राहू दे. माझ्यानंतर तो बोलायचाच नाही कुणाशी. लोक विचारायला तरी येतील."

खुर्चीवाल्यानं मान हलवली आणि चालत दुकानाकडे गेला. दाराशी चार-पाच माणसं खुर्च्या घेऊन उभी होती. त्यांतली एक खुर्ची कालच त्यानं दुरुस्त करून दिलेली होती. त्यानं कुलूप काढलं, सगळ्यांना आत घेतलं आणि चहा सांगितला.

स्टुडिओतली पाहुण्यांची खुर्ची अजून कुरकुरते. ती दुरुस्त करायची नाही, असं त्यानं आणि धाकट्या बाईंनी ठरवलं आहे. निवडणूक झाली. त्यानं मत दिलं, घरी आला, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला, समोरच्या खुर्चीवर तिचा स्वेटर होता. कुणाला दिलं ते बायकोला सांगायचं राहिलं आहे.